तो सोलो रेकॉर्डवर आहे तसा का वाजवत नाही?

कार्यक्रम संपतो, मी खाली वाकून गिटारच्या पेडलच्या वायरी गुंडाळत असतो आणि कुणीतरी येऊन उभं राहतं. "सर, तो सोलो रेकॉर्डवर आहे तसा का नाही हो वाजवत?" वीसेक वर्षं हेच चाललंय. काही जण काळजीनं विचारतात, काही जण पैसे परत मागायला आल्यासारखे. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

आजवर मी तीन उत्तरं दिली. एक, सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, दर वेळी नवा हवा, जुना हवा असेल तर घरी रेकॉर्ड ऐका. हे दिसायला भारदस्त, पण त्याच गाण्याची सुरुवातीची रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी सुरावट, मी इतकी वर्षं रेसभरही न बदलता वाजवतो, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? दोन, बोटं आखडली. यावर एका पोरानं मला ब्लॅक सबाथ बँडच्या गिटारवादकाचा, टोनी आयोमीचा, किस्सा ऐकवला. 1965 मध्ये कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचीच बोटं. तरी प्लास्टिक वितळवून टोप्या केल्या, पातळ तारा चढवल्या आणि वाजवत राहिला. झालं, बोटांचं कारण बाद. तीन, कान. हे मात्र खरंय. 100 डेसिबलला दिवसाला 15 मिनिटांच्या पुढे धोका, असं कानाचे जाणकार सांगतात. आम्ही बंद खोलीत चार-चार तास बसायचो. डाव्या कानात शिट्टी वाजते, कायमची. पण सोलो त्यामुळे बदललेला नाही.

त्या सोलोतली तुम्ही गुणगुणता ती जागा माझी नाही.

रेकॉर्डिंगच्या रात्री माझा सोलो ठरलेला होता. गाणं ई मायनरमधलं. शेवटी बी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) येते, तिथे मी दुसऱ्या तारेवर पंधराव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या पंधराव्या पडद्याला, पूर्ण बेंड घेऊन थेट ई स्वर गाठायचो. बेंड म्हणजे मींडच, फक्त तार ढकलून. टेकवर टेक होत होते आणि प्रत्येक वेळी ती जागा बोदी लागत होती. टेप दोन इंची. वेग इतका की एक रीळ सोळा-सतरा मिनिटांत संपायचं. इंजिनिअर घड्याळाकडे बघायला लागला होता. आमचा बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, कोपऱ्यात खुर्चीवर उलटा बसलेला. त्याचं काम कधीच झालं होतं, घरी जायला हरकत नव्हती. तो म्हणाला, "अरे, वर कशाला जातोस? अलीकडेच थांब की." आणि गाऊन दाखवलं. अर्धाच बेंड, डी शार्पवर थांबायचं, कारण बी कॉर्डला तोच स्वर हवा असतो. तार तशीच ताणून धरायची, कॉर्ड ई मायनरला उतरली की उरलेलं अर्धं ढकलायचं. तोवर ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला.

पुढच्या टेकला झालं. आम्ही ओरडलो, मिठ्या मारल्या. रेकॉर्डच्या वेष्टनावर गाणं गायकाच्या आणि माझ्या नावावर छापलं.

त्या वेळचा मी लगेच भांडायला येतो: बँडमध्ये असंच असतं. लय ड्रमरनं सुचवलेली, त्याचं नाव कुठे आहे? सूचना देणं वेगळं, वाजवणं वेगळं. चार सेकंदांसाठी कुणी गाण्याचा मालक होतो का? बरोबर आहे तुझं. मलाही अजून याला धड उत्तर देता येत नाही.

पण मग ती मुलाखत. रेडिओवर मी आणि बेसिस्ट दोघंच गेलो होतो, एकाच टेबलापाशी, मध्ये एक माइक. निवेदिकेनं विचारलं, "तो अडकलेला स्वर तुम्हाला सुचला कसा?" मी म्हणालो, "झोपेत. रात्री उठून वाजवला आणि परत झोपलो." ती हसली. तो पाणी पीत होता. बाटली खाली ठेवली, झाकण लावलं, घट्ट बसलं की नाही ते पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. पुढची वीस मिनिटं तो बेसच्या तारांबद्दल छान बोलला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "झोपेत काय?" आणि हसला. खरंच हसला. राग असता तर मी भांडून मोकळा झालो असतो.

तीन महिन्यांनी त्यानं बँड सोडला. कारण सांगितलं घरचं. असेलही. सगळ्याच गोष्टी माझ्याभोवती फिरत नसतात, हे मला उशिरा कळलेलं आहे.

2009 मध्ये बातमी वाचली. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' या 1967 च्या गाण्यातल्या ऑर्गनच्या सुरावटीसाठी ती वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरचा सहरचनाकार म्हणून हक्क ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, मान्य केला, बेचाळीस वर्षांनंतर. एका वादकाला न्याय मिळाला म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. मी आधी आमच्या गाण्याला किती वर्षं झाली ते बोटांवर मोजलं.

तेव्हापासून स्टेजवर ती जागा आली की मी दुसरीकडे वळतो. कधी पूर्ण बेंड, कधी नुसताच सरळ स्वर. तुम्हाला चुकल्यासारखं वाटतं, कारण ते चूकच असतं. माइकवर सांगून टाकावं म्हटलं तर तोही माझाच मोठेपणा होणार, टाळ्यांसकट. मग त्याला फोन का करत नाही, असं बायको विचारते. नंबर आहे माझ्याकडे.

गेल्या महिन्यात घरी, अँप्लिफायर न लावता, तसाच वाजवून पाहिला. डी शार्पच्या जरा वर जात होता. चार-पाचदा केला. दर वेळी थोडा वरच.