महागातलं बेअरिंग लवकर का गेलं?

बेअरिंगचं गिऱ्हाईक बहुधा कानाने येतं. डोळ्याला काही दिसत नाही, गाडी ओढते नीट, ब्रेकही लागतात. फक्त वेग वाढला की खालून विमान आल्यासारखी घरघर सुरू होते. हे गृहस्थ आले ते मात्र कानापेक्षा डोक्याने जास्त तापलेले. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग त्यांनी काही महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं होतं, तेही नावाजलेल्या कंपनीचं, दुकानातलं सगळ्यात महाग. तरी आवाज परत आला. म्हणून या वेळी येतानाच ते एक स्वस्तातलं बेअरिंग घेऊन आले होते. हिशेब सरळ होता: महागातलं टिकलं नाही, मग जास्तीचे पैसे घालायचेच कशाला?

मी आधी गाडी फिरवून आणली. उजवीकडे वळवली की आवाज चढायचा, डावीकडे वळवली की उतरायचा. उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे संशय डाव्या बाजूवरच. टायर खडबडीत झिजला असेल तरी अशीच घरघर येते, पण ती वळणाने इतकी चढउतार करत नाही. मग गाडी उचलली, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. बोटांना बारीक खरखर लागली. चाक वरखाली धरून हलवून पाहिलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नव्हता. प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं पुष्कळ जण धरून चालतात. या दुहेरी ओळीच्या बॉल बेअरिंगमध्ये प्ले यायच्या कितीतरी आधी आवाज येतो.

"आवाज नक्की कधीपासून आहे?" मी विचारलं.

"खरं सांगू का, बदलल्या दिवसापासून थोडा होताच. ते म्हणाले, नवीन आहे, बसेल हळूहळू."

इथे माझे कान टवकारले. नवीन ब्रेक पॅड बसतात, बेअरिंग बसत नाही. पहिल्या दिवशी आवाज करणारं बेअरिंग दुसऱ्या दिवशी फार तर जास्त आवाज करतं.

तोपर्यंत माझी शंका डुप्लिकेट मालावर होती. नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांची हुबेहूब नक्कल होते, त्यामुळे डब्यावरचा कोड स्कॅन करून तपासायची ॲपही या कंपन्यांनी काढली आहेत. पण यांचा डबा केव्हाच कचऱ्यात गेलेला. नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो सस्पेन्शनचा भाग, सोडवून प्रेसवर घेतलं. चाक ज्यावर बसतं ते हब बाहेर आलं ते नेहमीप्रमाणे बेअरिंगची अर्धी आतली रेस, म्हणजे गोळे ज्यावर धावतात ती कडी, अंगाला घट्ट धरूनच. बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी सर्कलिप काढली, बाहेरची रेस दाबून काढली, डिझेलने धुतली. कडेवरची अक्षरं स्वच्छ कोरलेली, सीलला तीन ओठ, ग्रीसला पाण्याचा किंवा गंजाचा मागमूस नाही. माल अस्सल दिसत होता.

मग रेस खिडकीकडे तिरकी धरली आणि आतल्या चकचकीत पट्ट्यावर खळगे दिसले. एकाच ओळीत, सगळे सारख्या अंतरावर. मार्करने एकेक खूण करत गेलो आणि पिंजऱ्यातल्या गोळ्यांशी ताडून पाहिलं; जितके गोळे तितकेच खळगे.

याचा अर्थ एकच. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रेसवर द्यायचा असतो. हब आत दाबताना आतल्या रेसला खालून आधार द्यायचा असतो. हे उलटलं की प्रेसचा सगळा दाब गोळ्यांतून जातो आणि प्रत्येक गोळा रेसमध्ये आपला ठसा उमटवतो. बेअरिंगचं पोलाद क्रोमचं, कडकपणाच्या रॉकवेल मापावर साठीच्या आसपास, पण गोळा टेकतो तो ठिपक्याएवढ्या जागेवर, आणि प्रेसचा जोर टनांत असतो. अशा जोरापुढे कुठली कंपनी टिकणार?

माझा मदतनीस पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, "पण मिस्त्री, आपण आता ओढून काढताना पडले नसतील कशावरून?" रास्त प्रश्न. हब ओढतानाही जोर गोळ्यांतूनच जातो, म्हणून तर एकदा काढलेलं बेअरिंग परत घालत नाहीत. पण ताजा ठसा धारदार आणि लखलखीत असतो. इथे खळग्यांच्या कडा घासून गोल झालेल्या होत्या, आणि दोन खळग्यांपासून पुढे, गोळा फिरतो त्या दिशेने, पोलादाच्या खपल्या निघालेल्या होत्या. म्हणजे खळगे आधी पडले आणि गाडी त्यांच्यावर कित्येक महिने चालली. मी गृहस्थांना बोलावून बोट फिरवायला लावलं. नखाला एकेक खळगा अडखळत होता.

मला वाटलं मुद्दा पटला. झालं उलटंच. "म्हणजे बसवण्यातच सगळं आहे," ते म्हणाले. "मग तुम्ही नीट बसवा, हे स्वस्तातलंही चालेल." आणि त्यांनी आणलेलं बेअरिंग बोटावर घालून भिरकावलं. "बघा, किती मोकळं फिरतंय!"

या मोकळं फिरण्यावर किती लोक भाळतात! ग्रीसने भरलेलं, सील घट्ट टेकलेलं नवीन बेअरिंग हाताला जडच लागतं. जे भिरभिरतं त्यात ग्रीस कमी असू शकतं किंवा सील नुसतं नावाला असू शकतं, आणि सील हलकं असलं की पहिल्या पावसाळ्यातच पाणी आत शिरतं. पोलादाचं तर विचारूच नका. त्यात किती अशुद्धी राहिली हे ना त्यांना दिसणार, ना मला. मोठ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये आयुष्य दिलेलं असतं तेही एका नगाचं नसतं: इतके फेरे होईपर्यंत १०० पैकी ९० बेअरिंग शाबूत राहतील, असा तो आकडा. स्वस्तातल्या डब्यावर मी तो कधी पाहिलेला नाही.

पण हे सगळं बोलण्याची वेळच आली नाही. त्यांच्या गाडीत चाकाचा वेग मोजणारा एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर बेअरिंगच्या सीलवरच नजर ठेवून असतो. त्या सीलमध्ये चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने भरलेले असतात, ते समोरून जातात तसे सेन्सर मोजतो. डोळ्याला ते साधं काळं सील दिसतं. त्यासाठी माझ्याकडे एक हिरव्या पापुद्र्याचं कार्ड आहे. चुंबक असेल तिथे त्यावर पट्टे उमटतात. त्यांच्या बेअरिंगला एका बाजूने लावलं, काही नाही. उलटं करून लावलं, तरी कोरं. ते बसवलं असतं तर चाक फिरलं असतं, पण एबीएसचा दिवा लागला असता आणि घसरड्या रस्त्यावर ऐन वेळी एबीएस कामाला आलं नसतं.

"डब्यावर तर माझ्याच गाडीचं नाव आहे," ते म्हणाले. होतंच. त्याच मॉडेलच्या एबीएस नसलेल्या गाडीला ते कदाचित चाललंही असतं.

मग ते जाऊन पहिल्याच कंपनीचं बेअरिंग घेऊन आले. या वेळी कोड आधी स्कॅन केला, मग कार्ड लावलं. एका बाजूला पट्टे स्पष्ट उमटले. ती बाजू सेन्सरकडे. पोराने त्यावर खडूने खूण केली, कारण प्रेसखाली गेल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. हाताला ते चांगलंच जड लागत होतं. गृहस्थांनी भुवया उंचावल्या, पण बोलले नाहीत.

दाबायला हत्यार म्हणून मी जुनीच बाहेरची रेस वापरली. आधी फोटो काढून घेतले, मग बाहेरून जराशी ग्राइंड केली, नाहीतर तीच भोकात अडकते. माप अर्थातच तंतोतंत, आणि जोर बाहेरच्या रेसवरच जातो. ॲक्सलचं नट नवीन घातलं. एअर गनला हात लावला नाही. गाडी उचललेलीच असताना, पोराला ब्रेक दाबून धरायला लावून, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळलं. नट पुरतं आवळायच्या आधी चाकावर गाडीचं वजन येऊ द्यायचं नसतं, त्यानेही नवंकोरं बेअरिंग खराब होतं.

फेरी मारून आल्यावर गृहस्थ खूश होते. जाता जाता त्यांनी आपल्या सामानाच्या ट्रेलरबद्दल विचारलं, त्यालाही महागातलंच घालू का? मी म्हटलं, तिथे गरज नाही. गोळ्यांऐवजी सुटे टेपर रोलर, म्हणजे निमुळते रूळ, एबीएस नाही, हब दरवर्षी उघडून ग्रीस भरताच. ओळखीचा साधारण मेकही चालेल, फक्त सील चांगलं बघून घ्या. मग त्यांनी जुनं बेअरिंग मागितलं, त्या पहिल्या गॅरेजवाल्याला दाखवायला. बाहेरची रेस माझ्या हत्यारांच्या खणात गेलेली होती. आतली अर्धी रेस आणि फोटो दिले. आणलेलं स्वस्तातलं बेअरिंगही परत डब्यात घालून दिलं, दुकानदार घेतो का बघा म्हणून.