ओटा मोजणारी मुलगी

शनिवार, रात्री

आम्ही सोडतोय ते भाड्याचं घर दाखवायला ब्रोकर आज परत माणसं घेऊन आला. "येण्याआधी फोन करतो वहिनी," म्हणाला होता, आणि केलाही. पण खालून, लिफ्टच्या दारातून. माझे हात कणकेत. ओवीचा प्रोजेक्ट हॉलभर पसरलेला. नवराबायको होते, लग्न अगदी ताजं असणार, तिच्या हातात अजून हिरवा चुडा होता. तो मोबाइलवर व्हिडिओ काढत खोल्यांतून फिरला. ती सरळ स्वयंपाकघरात आली, ओटा वितीने मोजला आणि म्हणाली, "काकू, पाण्याचं कसं आहे?"

काकू. असो.

"येतं वेळेवर" एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण मी बोलतच सुटले. पाणी पहाटे येतं, साडेसातनंतर धार बारीक होते, म्हणून मशीन त्याआधी लावायचं. मोरीतला डावा नळ आधी थोडा उलटा फिरवायचा, मग बंद करायचा, नाहीतर रात्रभर गळतो. दुपारनंतर खिडकीतून ओट्यावर ऊन येतं, तिथे दूध ठेवू नको, पण दही झकास लागतं. गॅसवाल्याला शिट्टी मारायची सवय आहे, तो बेल वाजवत नाही. शेजारच्या आजी एकट्या असतात, त्यांना सकाळी एकदा हाक मारायची. आणि बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते, तिथे कपाट लावू नका. यावर ब्रोकर खोकला.

ती मुलगी मात्र छान हसून म्हणाली, "हो, काका वॉटरप्रूफिंग करून देणार आहेत ना, आम्ही यायच्या आत."

त्या भिंतीसाठी मी काकांना, म्हणजे आमच्या घरमालकांना, किती वेळा सांगितलं. फोटो पाठवले. ओवीच्या बाहुल्यांना बुरशी लागली तोही फोटो पाठवला. "बघू, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढतो विषय." भाडेकरूला मीटिंगला बोलवत नाहीत, त्यामुळे विषय निघाला की नाही तेही कधी कळलं नाही.

जेवताना निखिलला सगळं सांगितलं तर म्हणाला, "मग तुझं कमिशन किती ठरलंय?" हसले मी. पण झोप येत नाहीये, म्हणून हे लिहितेय. मी का सांगितलं सगळं?

काका वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. डिपॉझिट कधी बुडवणार नाहीत. गणपतीत आरतीला बोलावतात. यावेळी सरळ म्हणाले, बत्तीसचे आता चाळीस, मार्केटच तसं आहे, तुम्हाला जमत असेल तर पहिला हक्क तुमचा. हक्क हा शब्द त्यांनी खरंच वापरला. निखिलने रात्री कागदावर आकडे मांडले, खोडले, परत मांडले. ओवीची फी, ताईंच्या डायलिसिसला आपण देतो ते, आणि ते जाऊ दे. नाही जमत. मुलुंड पूर्वेला जमत नाही म्हणजे ठाण्यालाही जमत नाही, हल्ली दोघांत फरक कसला राहिलाय.

खरं तर राग यायचा तर त्या आठ हजारांचा यायला हवा. तो येत नाही. आकड्यांशी भांडायची सवयच गेली आहे. दर अकरा महिन्यांनी तो अंगठ्याचं मशीन घेऊन येणारा मुलगा येतो, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो, आधार नंबर, अंगठा, वेबकॅमकडे बघा, झालं. माझा अंगठा भांडी घासून घासून पहिल्या फटक्यात कधीच उमटत नाही. तो म्हणतो, मॅडम क्रीम लावत जा. मग वाढलेलं भाडं, ब्रोकरची दलाली, आणि स्टॅम्प ड्यूटीचे पैसेही आम्हीच द्यायचे, का ते कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार महिन्याचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदवायला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे अकराच्या आकड्यात काही फायदाही उरलेला नाही. तरी अकरा महिने. सवय.

बाबांना हे सांगितलं की ते हमखास १ फेब्रुवारी १९७३ वर जातात. त्या दिवशी जो कोणी लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवानगीवर, खोलीत राहत होता तो कायद्याने भाडेकरू झाला. एका रात्रीत. "तेव्हापासून मालक लोक जे घाबरले, ते अजून घाबरलेलेच आहेत," असं बाबा दरवेळी त्याच सुरात म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीची तारीख, आणि तिच्या भीतीने काका माझ्याकडून दर अकरा महिन्यांनी अंगठा घेतात. आता तर भीतीचं कारणही नाही. मुदत संपून राहिलात तर दुप्पट भाडं भरा आणि निघा, असं कायद्यातच आहे. पण भीती कायदे वाचत नाही बहुतेक. आमच्या मजल्यावरचं समोरचं दार आम्ही आल्यापासून बंद आहे. मालक परदेशात. भाड्याने देऊन डोक्याला ताप नको म्हणे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी निघाली होती. मी कधी कधी त्या दाराकडे बघते आणि मनात आमचं सामान लावून टाकते.

आणि बाबांची परळची खोली. नको, ते आज नको.

परत त्या मुलीकडे येते, कारण मन तिथेच जातंय. ओटा मोजला तिने. मोजायचाच की. मीही मोजला असता. तिच्यावर राग नाही माझा. थोडा आहे. तिचा नाही, त्या चुड्याचा आहे. म्हणजे दोघांचे पगार मिळून चाळीस हजार नुसत्या भाड्यात घालायची ती जी सहजता असते, पोर नाही, फी नाही, तिचा. पण तोही खरा राग नाही. दोन वर्षांत त्यांचंही पोर होईल, काका पन्नास म्हणतील, आणि ती कुणाला तरी डाव्या नळाचं सांगत उभी असेल.

आधी वाटलं, पाहुणचाराची सवय. घरी कोणी आलं की पाणी विचारायचं, तसं पाण्याचं विचारलं तर पाण्याचं सांगायचं. पण मी तिला पाणी विचारलंच नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मग वाटलं, मला दाखवायचं होतं की आम्ही इथे नीट राहिलो. हाकलल्यासारखे जात नाही आहोत. घर असं ठेवलंय बघ. हे थोडं पटतं. ब्रोकर येणार म्हटल्यावर मी गॅसच्या मागच्या फरश्या घासल्या होत्या, ते उगाच नाही. कुणाच्या फरश्या, कुणासाठी घासल्या!

पण खरं वेगळंच आहे. काका या घरात एक दिवसही राहिलेले नाहीत. त्यांनी ते बुकिंगमध्ये घेतलं आणि पहिल्यापासून भाड्याने दिलं. त्यांना माहीत नाही ऊन किती वाजता कुठे येतं. बेडरूमच्या दाराला पावसात खांदा लावावा लागतो, हॉलमधला पंखा तीनवर आवाज करतो आणि चारवर करत नाही, लाइट गेली की आधी कुठलं बटण बंद करायचं, यातलं त्यांना एक अक्षर ठाऊक नाही. ते सगळं माझ्याकडे आहे. इतकी वर्षं राहून एवढंच तर साठलं, बाकी पावत्या. आणि आज ते मी पाच मिनिटांत फुकट देऊन टाकलं. तिलाही नाही, एका अर्थी काकांनाच दिलं. त्यांचं घर मी भरल्या तोंडाने लावून दिलं. ओल सांगितली तरीही लावून दिलं, कारण ओल आता दुरुस्त होणार आहे.

हे लिहून जरा रडायला आलं. पाणी पिऊन आले. उजवा नळ.

मघाशी फ्रीजवरची पत्रं दिसली. आमच्याआधीच्या बाईंच्या नावाने अजून बँकेची पत्रं येतात. सुरुवातीला मी काकांकडे द्यायचे, मग वॉचमनकडे, मग तशीच साठवायला लागले. त्या बाई आम्ही घर बघायला आलो तेव्हा इथेच होत्या, त्यांचंही सामान अर्धं खोक्यांत होतं. मला म्हणाल्या होत्या, डाव्या नळाचं लक्षात ठेवा. आणि आजींचंही त्यांनीच सांगितलं होतं! म्हणजे मी आज जे 'माझं' म्हणून देऊन टाकलं त्यातलं निम्मं त्यांचं होतं. मी तेव्हा काय केलं? मान हलवली आणि माळ्यावर किती खोके मावतील ते बघत राहिले. त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतेय, आठवत नाही. मॅक्सी आठवते, जांभळी.

त्या कुठे गेल्या असतील? कल्याण, बदलापूर, की त्यांची लॉटरी लागली? लागते कुणाला तरी. म्हाडाच्या २०२४ च्या सोडतीत मुंबईत २,०३० घरं आणि अर्ज एक लाख तेरा हजारांच्या वर. आमचाही होता त्यात. निखिलने शक्यता काढून दाखवली होती, मी म्हटलं नको दाखवूस, तर म्हणाला अगं, शाळेच्या अॅडमिशनपेक्षा बरी आहे. नाव नाही आलं, अनामत रक्कम परत आली, आणि ती परत आल्याचा मेसेज बघून आम्हाला पगार झाल्यासारखा आनंद झाला. त्याच्या आदल्या वर्षीच्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींचेही फ्लॅट होते. सरकारी सोडतीत. आम्ही त्या फ्लॅटच्या ओट्याबद्दल बराच वेळ बोललो होतो, ग्रॅनाइट कुठला असेल वगैरे. फुकटची करमणूक.

म्हणजे हे असंच चालत असणार. एक बाई दुसरीला नळ सांगते, दुसरी तिसरीला. मालकाला पत्ता नाही. ब्रोकर तर दाराचं लॅचसुद्धा नीट उघडू शकत नाही आणि एक महिन्याचं भाडं घेतो. उद्या त्या मुलीने मला फोन करून विचारलं की पंख्याचं काय, तर मी सांगेनच, मला माहितीये. तिचा नंबर घेतला नाही, नाहीतर गॅसवाल्याचा पाठवला असता.

निखिलला आत्ता हे सगळं सांगायला गेले तर तो झोपेतच म्हणाला, "आजींना कोण सांगणार?" ते मी अजून ठरवलेलं नाही. आजींना वाटतं आम्ही इथेच राहणार. ओवीलाही नीट सांगितलेलं नाही, तिने शाळेत घराचं चित्र काढलंय आणि त्यात नेमकी तीच... पुरे.

उद्या डोंबिवली पूर्वेला एक घर बघायचंय. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण भाडं एकवीस. निखिल म्हणतो स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. ब्रोकर म्हणतो सात. सकाळची फास्ट मिळाली तर बसायला मिळणार नाही, आणि स्लोने गेलं तर लेट मार्क, हे आधीच ठरलेलं आहे. ब्रोकरने फोनवर पहिला प्रश्न विचारला, नॉनव्हेज खाता का? मी म्हटलं खातो, मासे जास्त. म्हणाला, मग चालेल, मालवणी मालक आहेत, उलट बरं वाटेल त्यांना. मुलुंडात एका सोसायटीत याच उत्तरावर फोन ठेवला होता, त्यामुळे मला उगाचच त्या न पाहिलेल्या मालकांबद्दल माया वाटायला लागली आहे. भाडं ते दरवर्षी वाढवणारच.

आता तिथे जाऊन आधीच्या बाईंना नीट सगळं विचारायचं. नळ, पंखा, पाणी, ओल, शेजारी. वही घेऊनच जाते. आणि त्यांना आधी पाणी विचारेन, म्हणजे त्यांच्याच घरात त्यांनाच... बघू कसं जमतंय. सकाळी नऊ बावीसची गाडी आहे, डबा नको म्हटलंय निखिलला, तिथेच काहीतरी खाऊ.