ऐकत नाही

गेल्या वर्षीच्या नोंदवहीत २१ ऑगस्टच्या पानावर माझ्या अक्षरात तीन ओळी आहेत. 'सोन्या सांगितलेलं ऐकत नाही. हट्टी आहे. आईशी बोलणे.' त्याच दिवशी साडेअकराला, मुलं घरी सोडताना, मी त्याच्या आईशी बोलले. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या डाव्या दंडावर बोटं उमटलेली होती.

सोन्या हे त्याचं खरं नाव नाही. बाकी सगळं खरं आहे.

मिरजेत ब्राह्मणपुरीत आमचं जुनं घर आहे, माझं सासरचं. २००९ मध्ये हे गेले. तेव्हा मुलगी चौथीत होती आणि ह्यांच्या दुकानाचं देणं डोक्यावर होतं. दिरांचं म्हणणं होतं, घर विकून मोकळं व्हावं. सासूबाई म्हणाल्या, "ओसरी रिकामी पडलीय, तुझा बालशिक्षणाचा कोर्स झालाय, मुलं गोळा कर." जून २०१० मध्ये सात मुलांवर बालवर्ग सुरू झाला. ज्या ओसरीवर ह्यांना शेवटचं निजवलं होतं तीच ओसरी. पहिलं वर्षभर त्या कोपऱ्यात मी एकाही मुलाला बसवलं नाही. पुढे मुलांनीच तो कोपरा ठोकळ्यांसाठी घेतला आणि मग माझंही मन निवलं.

आता अठरा मुलं घेते. एकोणिसावं घेत नाही, कारण ओसरीवर अठराच बसकरं मावतात आणि सांभाळणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि मावशी. सासूबाई झोपाळ्यावर असतात. मुलं त्यांना आजी म्हणतात. त्यांना गेली सहा-सात वर्षं कमी ऐकू येतं. मशीन आणलं होतं, त्यांनी ते कपाटात ठेवलंय.

बालवर्ग म्हणजे गाणी, गोष्टी आणि खाऊ, असं लोकांना वाटतं. खरं काम दारात होतं, सकाळी साडेआठ ते पावणेनऊ. प्रत्येक मुलाचा हात मी हातात घेऊन नमस्ते करते. त्यात ताप कळतो, रात्री झोप झाली की नाही ते कळतं, नखं दिसतात, खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यात दिसते. आईनं हात सोडल्यावर मूल तिच्याकडे वळून बघतं का, किती वेळा बघतं, तेही मी मोजते. पंधरा वर्षांत दारातल्या त्या पाव तासात मी दोन मुलांची कावीळ ओळखली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

सोन्या जूनमध्ये आला, साडेतीन वर्षांचा. वडील रेल्वेत, राहायला जंक्शनजवळच्या क्वार्टरमध्ये. रडला फक्त दोन दिवस. जूनभर सगळं बरं होतं. पाऊस लागला, सगळ्यांची नाकं वाहायला लागली, आणि जुलैच्या मध्यापासून हे मूल बदललं. 'चला, हात धुवायला' म्हटलं की सगळे उठायचे, हा सगळ्यात शेवटी, दुसरे गेलेले बघून. गोष्टीला बसायचा नाही. उठून ठोकळ्यांकडे जायचा. गाण्यात हातवारे बरोबर करायचा, पण दुसऱ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा. मागून हाक मारली तर ढिम्म. पुढ्यात जाऊन रागावलं की रडायचा. आणि एखाद्या दिवशी मात्र एका हाकेत यायचा. ह्या एखाद्या दिवसानंच माझा घात केला. काल ऐकलं आणि आज ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम करतोय, असा हिशोब मी मांडला.

आपल्या भाषेत कानानं ऐकणं आणि सांगितलेलं मानणं ह्या दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. 'ऐकत नाही' असं मी लिहिलं तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. फक्त मी त्याचा दुसरा अर्थ धरला.

दंडावरची बोटं बघितली त्या दिवशी मी त्याच्या आईला काही बोलले नाही. मनात म्हटलं, एवढं मारायला नको होतं. माझ्या बोलण्यावरून मारलंय हे कळत होतं, तरी बोलले नाही.

त्या आठवड्यात मी भाजी निवडत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्या रेल्वेवाल्यांच्या पोराला ऐकायला येत नाही गं. माझ्यासारखा तोंडाकडे बघतो."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला आता सगळे तसेच वाटतात."

त्यांना ते ऐकू आलं नसावं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, जरा मोठ्यानं.

मला ते पटलं नाही असं मी स्वतःला सांगितलं, पण पटलं होतं. अडचण दुसरीच होती. आदल्या वर्षी एका मुलीला बोलायला उशीर होतोय, जरा तज्ज्ञांना दाखवा, असं मी आईवडिलांना सांगितलं होतं. आठ दिवसांत त्यांनी तिला काढून दुसरीकडे घातलं आणि जाताना दोन घरी सांगून गेले की ताई मुलांना नावं ठेवतात. त्या वर्षी माझी तीन मुलं कमी झाली. अठरांतली तीन कमी म्हणजे मावशीचा पगार. ज्यांच्या घरात दुसरा पगार येतो त्यांनी माझ्या जागी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी गप्प बसले, आणि वरून मुलाला हट्टी म्हटलं, कारण हट्टी म्हटल्यानं कुणी मूल काढून नेत नाही.

इथे एक खेळ सांगायला हवा. माँटेसरीबाईंचा शांततेचा खेळ. बाई १९३९ मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि भारतात त्यांनी कितीतरी शिक्षक तयार केले. त्या परंपरेतून हा खेळ आमच्या कोर्सपर्यंत आला. खिडक्या ओढून घ्यायच्या. मुलांनी अगदी स्तब्ध बसायचं, इतकं की स्वतःचा श्वास ऐकू यावा. मग शिक्षिकेनं दुसऱ्या खोलीत जाऊन, दिसणार नाही अशा ठिकाणाहून, एकेकाचं नाव कुजबुजत घ्यायचं. नाव आलं की मुलानं पाय न वाजवता उठून तिच्याकडे जायचं. मी माजघराच्या दारामागे उभी राहते आणि नाव लांबवून घेते. चुळबुळी मुलं आधी बोलवायची, कारण वाट बघणं त्यांनाच अवघड जातं. ज्यांना धीर आहे ती शेवटी. आलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे असतं, आपलं नाव इतक्या हळू घेतलं आणि तरी आपल्याला कळलं, ते बघण्यासाठी मी हे काम आणखी पंधरा वर्षं करीन.

तो खेळ त्या वर्षी मी जूनपासून एकदाही घेतला नव्हता. पालकांना वर्कबुक हवं होतं. शेजारच्या नर्सरीत छोट्या गटाला आडव्या-उभ्या रेघा आणि एबीसीडी गिरवून घेतात, तुमच्याकडे नुसतं खेळवतात, हे मे महिन्यात चार घरांतून आलं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती घडलेलीही नसतात, त्याच्या हातात पेन्सिल देऊन रेघा मारून घेणं हा छळ आहे, हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते. तरीही त्या वर्षी मी नमले. रोजचा अर्धा तास लिहिण्याला दिला. तो कुठून काढायचा, तर शांततेच्या खेळातून आणि ध्वनिडब्यांतून.

ध्वनिडबे मीच करते. विकतचा लाकडी संच महाग असतो. मिरज दवाखान्यांचं गाव, औषधाच्या रिकाम्या डब्या इथे हव्या तेवढ्या मिळतात. त्यांना सारखा कागद चिकटवायचा आणि दोन-दोन डब्यांत एकच वस्तू भरायची: रवा, मोहरी, साबुदाणा, हरभरे, चिंचोके, खडे. हलवून, कानाशी धरून जोड्या लावायच्या. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी अशाच परिसरातल्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी, मुलं गेल्यावर, मी ते डबे माळ्यावरून काढले. दुसऱ्या दिवशी सोन्यापुढे ठेवले. चिंचोके त्यानं लगेच जुळवले. खडेही जुळवले. ते हाताला कळतात, डबा धडधडतो. साबुदाणा चुकला. रव्याची आणि मोहरीची डबी त्यानं कानाशी धरली, हलवली, परत हलवली, आणि झाकण काढायला लागला. डबी रिकामी आहे असं त्याला वाटलं होतं.

मग मी खिडक्या ओढल्या. वर्कबुकाची वेळ होती, मावशी माझ्याकडे बघत राहिली. मुलांना बसवलं आणि माजघरात गेले. सतरा नावं घेतली. एकेक मूल आलं, माझ्या साडीला चिकटून उभं राहिलं, तोंडावर बोट. मग सोन्याचं नाव घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा साध्या आवाजात. दाराच्या फटीतून बघितलं. ओसरीवर ती दोघंच उरली होती, झोपाळ्यावर सासूबाई आणि बसकरावर तो. दोघंही दाराकडे बघत होती. अगदी शहाण्यासारखा बसला होता. हट्टी मूल इतका वेळ वाट बघत बसत नाही.

सासूबाईंनीच त्याला हातानं खूण केली, जा म्हणून. तो पळत आला.

त्या दिवशी त्याच्या आईला मी थांबवून घेतलं. सगळ्या आया गेल्यावर चहा टाकला आणि सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "घरी ऐकतो की हो. हाक मारली की येतोय." बोलता बोलता उलगडलं. क्वार्टरच्या मागून गाड्या जातात, घरात सगळेच मोठ्यानं बोलतात, टीव्ही मोठा. ज्या आवाजात ती त्याला हाक मारायची त्या आवाजात मी ओसरीवर कधी बोलतच नाही. हळू बोलायचं हे आम्हांला शिकवलेलं असतं.

शेवटी ती म्हणाली, "मग तुम्ही हट्टी म्हणालात, त्याचं काय ताई? मी मारलं त्याला. तीनदा मारलं."

मी म्हटलं, "माझं चुकलं." त्यापुढे मला काही सुचलं नाही, आणि तिनंही समजूत घातली नाही. बरंच केलं.

मिरजेत राहून कानाचा डॉक्टर मिळायला वेळ लागत नाही. मी बरोबर गेले. कानाला बोंडासारखं काहीतरी लावून हवेचा दाब बदलतात आणि कागदावर आलेख येतो. कान बरा असला तर मध्ये डोंगर उठतो. सोन्याच्या दोन्ही कानांचा माळ आला, सपाट. पडद्यामागे चिकट पाणी साठलं होतं आणि नाकामागची गाठ वाढलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या वयात हे खूप मुलांना होतं, सर्दीबरोबर कमी-जास्त होतं, पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणजे एखाद्या दिवशी ऐकू यायचं तेही खरं होतं. मुलाला दोन्ही कानांत कापूस घातल्यासारखं वाटत असेल, असं ते म्हणाले. तीन महिने थांबलो. पहिल्या ओळीत, माझ्यासमोर त्याचं बसकर ठेवलं, आधी खांद्याला हात लावायचा आणि मगच बोलायचं असं ठरवलं. पाणी ओसरलं नाही. जानेवारीत गाठ काढली आणि पडद्यात छोट्या नळ्या बसवल्या.

अंगणवाडीतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासतं, सरकारी शाळांत एकदा. २०१३ पासून हे चालू आहे आणि चांगलं आहे. घरगुती बालवर्गाच्या दारात ते पथक येत नाही. जणू फी भरणाऱ्याच्या पोराच्या कानात पाणी साठत नाही. माझ्याकडे येणारी मुलं काही श्रीमंतांची नाहीत. अंगणवाडी दूर आहे किंवा तिथे जागा नाही म्हणून आलेली आहेत. आता दर जूनमध्ये मी स्वतः शांततेचा खेळ घेते, आणि पावसाळाभर दर आठवड्याला. वर्कबुक बंद केलं. दोन मुलं गेली. जाऊ देत.

फेब्रुवारीत एकदा सोन्याला मी सवयीनं जवळ जाऊन, मोठ्यानं, हात धुवायला चल म्हणून सांगितलं. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "ताई, ओरडू नको ना."

मे महिन्याच्या सुट्टीत मी माळ्यावरची ट्रंक उघडली. २०१० पासूनच्या सगळ्या नोंदवह्या आहेत त्यात. चार दुपारी बसून वाचल्या. 'ऐकत नाही' असं मी सात मुलांबद्दल लिहिलंय. तिघांच्या नोंदी जुलै-ऑगस्टमधल्या आहेत. त्यांतला मोठा मुलगा आता अकरावीत असेल. दोघांच्या आयांचे नंबर सापडले. पहिलीचा लागला नाही. दुसरीनं ओळखलं, आनंदानं बोलली, मग म्हणाली, "का हो ताई, आज एकदम आठवण?"

मी म्हटलं, सहज. आणि मग विचारलं, लहानपणी त्याचे कान कधी दाखवले होते का.

"नाही," ती म्हणाली. "कान कशाला? तो ऐकायचाच नाही कुणाचं. तुम्हीच तर सांगितलं होतं."