फिजिक्स ए, बी आणि सी

नोव्हेंबरात आमच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "माझे क्रेडिट ट्रान्सफर होतील ना?" युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अर्ज नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास बंद होतात, आणि तोवर जो 'हो' म्हणेल तो देव. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात काउन्सेलर आहे. पहिली दोन वर्षं इथे करून मुलं विद्यापीठात जातात. हे 'हो' माझ्या जिवावर येतं, कारण बहुतेक वेळा ते खरं असतं आणि तरीही कामाचं नसतं.

विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायला ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे क्रेडिट, लागतात. क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांच्या, कॉलेजचे युनिट असतील तर त्यांचे दोन-तृतीयांश करायचे. इथवर बेरीज आहे, ती मुलं घरूनच करून येतात. पण युनिट 'चालला' म्हणजे तो हव्या त्या जागी बसला असं नाही. इंजिनिअरिंगला जायचं तर विद्यापीठाच्या अमुक कोर्सच्या बदली आमचा तमुकच लागतो. हे बघायला 'असिस्ट' नावाची सरकारमान्य वेबसाइट आहे. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे आपला. त्यात कित्येकदा दोन-तीन कोर्स मिळून एक जोडी असते आणि मध्ये बारीक अक्षरात 'आणि' लिहिलेलं असतं. तो 'आणि' कोणी वाचत नाही. त्या मालिकेतला एक कोर्स दुसऱ्या कॉलेजात केला, की अख्खी मालिका मोडली असं धरून चालायचं.

आता त्या मुलाबद्दल. रात्री गोदामात काम, दिवसा कॉलेज. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला अर्ज करायचा होता. ६८ युनिट, उत्तम ग्रेड. फिजिक्सचे तीन कोर्स: ए आमच्याकडे, बी शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या कॉलेजात (आमच्याकडे जागा नव्हती, आणि तिथला वर्ग संध्याकाळचा होता), सी परत आमच्याकडे. त्याच्या फाइलमध्ये माझ्या एका सहकाऱ्याने आदल्या वर्षी शेरा मारला होता, 'सगळं ट्रान्सफरेबल'. सहकारी आळशी नाही. पण अर्ध्या तासाच्या अपॉइंटमेंट पाठोपाठ घेताना माणूस मस्टरवर सही केल्यासारखे शेरे मारू लागतो.

मालिका तुटलीय हे मला लगेच दिसलं. अशा वेळी कधीकधी विद्यापीठाच्या विभागाला दोन्हीकडचे आराखडे पाठवून गाडी रुळावर आणता येते. म्हणून मी दोन्ही कॉलेजांच्या कोर्स आउटलाइन उघडल्या. हा कागद बाहेरच्यांना माहीत नसतो. कॅटलॉगमध्ये कोर्सबद्दल जेमतेम तीन ओळी असतात. आउटलाइनमध्ये कोणता धडा, किती तास, कोणते प्रयोग, सगळं मंजूर होऊन आलेलं असतं. माझं अर्धं आयुष्य या कागदांत गेलंय आणि मला ते आवडतात, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

आमच्याकडे बी म्हणजे वीज आणि चुंबकत्व. उष्णता, तरंग आणि प्रकाश सी मध्ये. शेजारच्या कॉलेजात नेमकं उलटं. त्यांच्या बी मध्ये उष्णता, तरंग, प्रकाश, आणि वीज सी ला.

मी स्वतः महाराष्ट्रातून बी.एस्सी. फिजिक्स केलेली. म्हणून त्याला विजेतल्या एका मूलभूत नियमाबद्दल विचारलं, "गॉसचा नियम कुठल्या कोर्सला झाला तुझा?"

तो थोडा थांबला. "सी मध्ये फळ्यावर होता. सर म्हणाले, हे तुम्हाला बी मधून माहीतच आहे. मी उतरवून घेतला."

"आणि उष्णता?"

"ती दोनदा आली. मला वाटलं उजळणी घेतायत. म्हणून तर 'ए' ग्रेड मिळाली."

तीन सेमिस्टर फिजिक्स, तिन्हीत उत्तम ग्रेड, आणि इलेक्ट्रिकलला निघालेल्या मुलाने वीज शिकलेलीच नाही. सी घ्यायला आधी बी पूर्ण असायची अट आहे. ती कोणीतरी ट्रान्सक्रिप्टवरचं नुसतं 'बी' हे अक्षर जुळवून 'पूर्ण' केली होती. असे घोटाळे टाळायला राज्यात 'सी-आयडी' नावाची समान कोर्स-क्रमांकांची पद्धत कधीच निघालीय. तिच्यात यांत्रिकी २०५, वीज-चुंबकत्व २१०. पण ती बघायला एक क्लिक जास्त करावं लागतं. सगळ्या कॉलेजांत कोर्सना एकच नंबर द्यायचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २०२५ मध्ये इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांपासून सुरुवातही झाली. फिजिक्स त्या पहिल्या खेपेत नव्हतं.

भारतात एका विद्यापीठाखालच्या बहुतेक कॉलेजांचा अभ्यासक्रम एकच, त्यामुळे हा प्रकार आपल्या माणसांना चटकन कळत नाही. आता तिकडेही क्रेडिटची बँक आलीय. क्रेडिट साठवणं सोपं आहे. ते कुठल्या जागी बसतात यावर भांडणं होतील तेव्हा कळेल.

तो चिडला. "तुम्ही बोलला नसता तर कोणाला कळलं असतं?" त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. या अर्जात ट्रान्सक्रिप्ट लागत नाही. विद्यार्थी स्वतःच कोर्स आणि ग्रेड भरतो, कागद मागतात ते प्रवेश दिल्यानंतर. कदाचित एखाद्या विद्यापीठाने मोडकी मालिकाही चालवून घेतली असती, आणि मग तो थेट सर्किट्सच्या वर्गात जाऊन बसला असता.

उपाय एकच होता: स्प्रिंगमध्ये, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला, आमच्याकडे बी घ्यायचा आणि अर्जात तो 'नियोजित' म्हणून दाखवायचा. मग ए, बी, सी तिन्ही एका कॉलेजचे होतात आणि मालिका पुरी. युनिटला ४६ डॉलर, पैशांचा प्रश्न फार मोठा नव्हता. पण कॉम्प्युटर त्याला बी मध्ये घेईना, कारण नोंदीप्रमाणे त्याने बी आधीच केलेला! नोंद चुकीची आहे हे सिद्ध करायला पिटिशन, विभागप्रमुखांची सही, डीनची सही. विभागप्रमुखांनी दोन्ही आउटलाइन शेजारी ठेवून वाचल्या आणि म्हणाले, "हा माझ्याच सी च्या वर्गात होता. पेपर छान सोडवायचा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सही मात्र लगेच केली.

त्याला जागा मिळाली. गोदामातली पाळी बदलून घ्यावी लागली, त्याबद्दल तो माझ्यावर अजून नाराज आहे, आणि ते मला समजतं.

शेजारचा बी म्हणजे आमचाच बी, ही चुकीची नोंद मुळातून काढा, असं मी मूल्यांकन विभागाला कळवलं. उत्तर आलं: सदर विद्यार्थ्याचे प्रकरण मार्गी लागले आहे. मी पुन्हा लिहिलं, याच नोंदीवर आजवर किती जणांची बी ची अट पूर्ण धरली, त्यांची यादी द्या. यादी अजून आलेली नाही. आता मी फिजिक्सवाल्यांच्या फाइली एकेक करून स्वतःच उघडतेय.