पदराच्या गाठीतली टोपी

मे महिना, परभणी, सकाळी ११ लाच रस्ता ओस. आजींनी खुर्चीत बसायच्या आधी पदराची गाठ सोडली आणि दाढेची टोपी माझ्या तळहातावर ठेवली.

"दुसऱ्यांदा निघाली बगा, डाक्टरीन बाई. भाकरी बी कडक नव्हती."

पहिल्यांदा निघाली तेव्हा नवल वाटलं नव्हतं. दाढ झिजून बुटकी झालेली. घासून तयार केल्यावर जेमतेम ३ मिलिमीटर उंची उरली. अशा दाढेला टोपी नुसती धरून राहत नाही. तरी मी नेहमीचं ग्लास आयोनोमर सिमेंट लावलं. उंच, उभ्या भिंतींच्या दाढेवर ते वर्षानुवर्षं टिकतं. (आमच्या उन्हाळ्यात घोटता घोटताच घट्ट व्हायला लागतं, ते वेगळं.) दुसऱ्या वेळी रेझिन सिमेंट काढलं. महागाचं. आठवडाही टिकलं नाही.

सिमेंटला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्यावर टोपी उलटी करून पाहिली. आतून लख्ख! सिमेंटचा सगळा थर दाढेवर. म्हणजे दाढेनं धरलं होतं, टोपीनं सोडलं होतं.

तेव्हा आठवलं. टोपी झिर्कोनियाची, म्हणजे कणखर पांढऱ्या सिरॅमिकची. तोंडात बसवून पाहताना थुंकी लागली म्हणून मी ती फॉस्फोरिक ॲसिडनं साफ केली होती, पोर्सिलेनच्या टोप्यांच्या सवयीनं. झिर्कोनियावर फॉस्फेट घट्ट बसतं, थुंकीतलं आणि ॲसिडमधलंही. सिमेंटआधी टोपीत लावायच्या प्रायमरमधला चिकटवणारा घटक म्हणजे एमडीपी; त्याला चिकटायला हवी असते तीच जागा. एसटीत कुणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवावा, तसं झालं.

टोपी घेऊन मी स्वतःच लॅबमध्ये गेले. चिकटलेलं फॉस्फेट निघावं म्हणून आतून ५० मायक्रॉन ॲल्युमिनाच्या कणांचा मारा, कमी दाबानं. आजी तोवर दवाखान्यात पंख्याखाली डुलक्या घेत होत्या. परत येऊन दाढेवरचं जुनं सिमेंट काढलं, कापसाच्या वळ्या ठेवल्या, टोपीत प्रायमर लावला.

"आधी एकदा घालून तर बगा," आजी म्हणाल्या.

नाही घातली. माप दोनदा पाहिलेलं होतं. आता थुंकीचा थेंबही नको होता. सिमेंट भरलं आणि थेट बसवली.

"किती द्यायचे?"

"काही नाही आजी, चूक माझी होती."

"तुमची कशी? दाढच म्हातारी झाली."

त्या गेल्यावर ॲसिडच्या सिरिंजला चिकटपट्टी गुंडाळली आणि मार्करनं लिहिलं: झिर्कोनियाला नाही.