दशमीच्या रात्री क्योतोत

दुभाषाचा खरा घाम मीटिंगमध्ये निघत नाही, जेवताना निघतो. मीटिंगचा विषय आधी कळलेला असतो. ताटात काय येईल, त्यावर कोण काय बोलेल, याचा भरवसा नाही.

१६ जुलै २०२४. भोसरीच्या एका कारखानदारांबरोबर मी क्योतोत होते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. योगायोग असा, की गिओन उत्सवातली रथांची मोठी मिरवणूकही दुसऱ्याच दिवशी. आदल्या रात्री यजमान कंपनीनं एका काप्पोमध्ये जेवण ठेवलं होतं. काप्पो म्हणजे लाकडी काउंटरपुढे मोजक्या खुर्च्या आणि पलीकडे डोळ्यांदेखत चिरणारा, शिजवणारा ताइशो, म्हणजे तिथला मुख्य आचारी. मेनूकार्ड नाही. ऋतूप्रमाणे तो देईल ते, देईल त्या क्रमानं खायचं.

बुकिंग मीच केलं होतं. 'मांस नको, मासे नकोत, अंडं नको,' असं बिनचूक जपानीत कळवलं होतं.

सुरुवातीला तिळाचं तोफू आलं. नाव तोफू, पण त्यात सोयाबीन नसतं. तीळ वाटून कुझू नावाच्या कंदाच्या पिठात घोटतात. वर वासाबीचा ठिपका, खाली चमचाभर पातळ सोया सॉस.

"अगदी खरवसासारखं लागतंय हो," साहेब खुशीत म्हणाले. यजमानांना खरवस समजावताना मी चिकाच्या दुधापर्यंत पोचले आणि त्यांचे चेहरे बघून तिथंच थांबले.

मग बाकीच्यांसाठी हामो निघाला. वामीच्या जातीचा हा मासा क्योतोत याच दिवसांत खातात, इतका की गिओनला हामोचा उत्सवही म्हणतात. त्याचे बारीक काटे काढता येत नाहीत, म्हणून कातडी शाबूत ठेवून मांस चिरत जायचं, तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस-पंचवीस काप. जड सुरीचा ज्याक् ज्याक् आवाज एका लयीत चालू होता. माळकरी माणूस, मला वाटलं तोंड फिरवतील. पण ते पुढं वाकून बघत होते. "मॅडम, याचा पिच बघा. एक काप इकडचा तिकडं नाही. आमच्या सीएनसी मशीनला लाजवतोय!"

आता पाळी वानमोनोची, झाकणाच्या वाडग्यातल्या सूपची. आचाऱ्याची परीक्षा यातच, असं मानतात. ताइशोनं पातेल्यातून कोम्बूची, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि रंध्यासारखी पेटी पुढं ओढली. त्यावर कात्सुओ घासायला लागला. बांगड्याच्या गोतातला हा मासा धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात. त्याचे कागदासारखे पापुद्रे पेटीत पडत होते आणि माझ्या पोटात गोळा आला.

दाशी! कोम्बू आणि कात्सुओचं सार. जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणीच हे. 'मासे नकोत' म्हटलं की जपानी माणूस माशाचे तुकडे वगळतो. दाशी त्याच्या हिशेबात येतच नाही. हे मी नवशिक्यांना शिकवते हो! आणि लिहायला मीच विसरले.

"ताइशो, थांबा," मी जवळजवळ ओरडलेच. दाशीसुद्धा चालत नाही म्हणून सांगितलं. पापुद्रे अजून पातेल्यात पडले नव्हते. त्यानं पेटी सरकवली, नुसतं कोम्बूचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं. मी श्वास सोडतेय तोच त्यानं सुरी खाली ठेवली. तिळाच्या तोफूखालच्या सॉसमध्ये कात्सुओची दाशी होती, असं सांगून तो कमरेत वाकला. "मोशिवाके गोझाइमासेन." मनापासून माफी. पाठोपाठ दोन्ही यजमान उठून वाकले.

साहेब माझ्याकडे बघत होते. चूक माझी, माफी मागतोय तो, आणि ती मराठीत मलाच सांगायची. 'जरा उशीर होईल म्हणून माफी मागतायत,' एवढंच म्हटलं असतं तरी खपलं असतं. खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच. खोटं कशाला बोलू, क्षणभर तसं मनात आलं होतं.

सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "चूक त्यांची नाही, माझी. मी लिहायला हवं होतं."

त्यांनी माळेला हात लावला, पाण्याचा ग्लास संपवला. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माउली, त्या चमच्याचं मी पांडुरंगाशी बघून घेईन. तुम्ही आधी या माणसाला मान वर करायला सांगा."

दिवसभर मी 'मॅडम' होते.

त्यांचं सूप कोम्बूच्या पाण्यात, युबा म्हणजे सोयाच्या दुधाची साय घालून आलं. पुढं माशाच्या जागी गोल कामो वांगं, गोड मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, लावून भाजलेलं. ते वांगं मात्र त्यांनी चाटूनपुसून खाल्लं. मग ताइशोला सुरीचं पोलाद कुठलं, धार रोज लावता का, असं विचारत सुटले. तोही खुलला. अर्धा तास मी पोलाद आणि सहाणेचे दगड इकडून तिकडं वाहत होते.

माझं सूप तोवर तसंच. झाकण उघडायला गेले तर गच्च बसलेलं. गार झालं की वाफ आत ओढून घेते. ताइशोनं बोलता बोलताच हवेत दोन बोटांनी चिमटा काढून दाखवला. वाडग्याची कड दोन्हीकडून हलकेच दाबली, तेव्हा ते सुटलं.