फॉस्टर केअरमधलं मूल पहिलीत जाताना: आमचा अनुभव

शाळा जूनमध्ये उघडते, आम्ही तयारीला मार्चमध्येच लागतो. सुरुवात अक्षरांपासून नाही, कागदांपासून. फॉस्टर केअरमध्ये मूल आपल्या घरी वाढतं, पण ते दत्तक नसतं. म्हणून अर्जावर त्याचं मूळ नावच लिहायचं. मायेपोटी कुणी मधल्या रकान्यात प्रतिपालक वडिलांचं नाव टाकतं, ते शाळेच्या रजिस्टरमध्ये चढतं आणि मूल पुढे स्वतःच्या घरी परतलं की दाखला एका नावाचा, बाकीचे कागद दुसऱ्या नावाचे. आपलं नाव फक्त ‘पालक’ म्हणून, सोबत मूल आपल्याकडे सोपवणाऱ्या बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत. जन्मदाखला नसेल तरी अडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘पहिले पाऊल’चा, म्हणजे पहिलीत येणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारीचा मेळावा असेल तर मुलाला जरूर न्यावं. वर्ग, बाई, नळ, संडास आधी बघून होतात.

घरी सराव करायचा तो डबा उघडण्याचा, चड्डीचं बटण लावण्याचा आणि “बाई, मला शू लागलीय” म्हणण्याचा. शाळेत ओली झालेली चड्डी हा हट्ट नसतो. घर बदललेल्या मुलांत तो ताण असतो. दप्तरात एक जादा चड्डी ठेवावी. काही मुलं खिचडी खिशात भरतात. उपाशी राहिल्याची ती सवय असते, चोरी नव्हे. हे वर्गशिक्षिकेला आधीच सांगावं. मूल आपल्याकडे का आलं, ते मात्र सांगू नये. त्यांना त्याची गरज नसते आणि शिक्षकखोलीतून गोष्ट गावभर होते.

“तुझे बाबा काय करतात?” हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. मुलाला झेपेल असं एक खरं वाक्य पाठ असू द्यावं: “मी काकू-काकांकडे राहतो.” ‘माझे कुटुंब’वर चित्र काढायचं असेल तेव्हा दोन्ही घरं चालतील, हे बाईंशी ठरवून घ्यावं.

सोडताना न सांगता सटकू नये. कोण न्यायला येणार ते सांगावं, आणि पहिले पंधरा दिवस त्याच माणसाने घंटेआधी फाटकाशी उभं राहावं. पाच मिनिटांचा उशीरही या मुलांना ‘पुन्हा सोडलं’ असा वाटतो.

जन्मदात्या आईची भेट शाळेच्या आदल्या दिवशी नको, चार-सहा दिवस आधी मागून घ्यावी. तिने स्वतः “जा हं शाळेत” म्हटलं, की मुलाचा अर्धा विरोध गळतो.